सिद्धूदादाची न संपणारी वरात

दादा, तुझा भोंगा माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आहे. त्याला सीटबेल्ट लावून ठेवलाय, हसू नकोस. परवा अकोल्याहून परत येताना बडनेऱ्याच्या अलीकडे गतिरोधकावर तो असा उडाला, की माझाच जीव वर आला. आधीच फाटका, त्यात आणखी फाटला तर आवाज बदलायचा. वहिनीला म्हटलं, घरी आणून देते. तर ती म्हणाली, "राहू दे तुह्याजोळच. घरात ठेवला तं मी त्याच्याशीच बोलत बशीन." आता मी बोलत बसले आहे.

तुझ्या शाळेच्या ग्रुपवर तुझ्याविषयी बरंच काही आलं. कुणीतरी तुला 'शिस्तप्रिय शिक्षक' म्हटलंय. मी ते आपल्या बासवाल्या फैजानला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं रडता रडता हसलो. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात एक गाणं वेळेत संपवता आलं नाही, तो शिस्तप्रिय! वर्गाची घंटा झाल्यावर तू धडा तरी थांबवायचास का, हे एकदा तुझ्या मुलांना विचारायला हवं.

तुझ्या नोकरीचं, गावाचं, शिक्षणाचं मी इथे काही लिहिणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. 'वरात' हे गाणं कुठे आणि कसं संपवायचं, हे आपलं ठरलं नव्हतं. अमरावतीचा कार्यक्रम झाला, अकोल्याचा व्हायचा होता आणि मध्येच तू उठून गेलास. ते गाणं तुझ्याशिवाय वाजवायचं कसं हा एक प्रश्न होताच, पण ते संपवायचं कसं हा त्याहून अवघड होता. वकिलाच्या गळ्यात असा अर्धवट खटला टाकून जातं का कुणी?

तुला आठवतं का, आपली ओळखच एका वरातीत झाली. माझ्या चुलतभावाचं लग्न, अकोल्यातलं, भर उन्हाळ्यातलं. डोक्यावर ओला रुमाल ठेवून मी आणि आपला गिटारवाला निल्या वरातीच्या मागे मागे चाललो होतो. निल्या तेव्हा औषधाच्या दुकानात बसून सगळा वेळ गिटारचा आवाज जाड आणि खरखरीत कसा होईल याचाच विचार करायचा. परदेशातून कसल्या कसल्या डब्या मागवायचा, पायाने दाबायच्या. आणि तिथे, हातगाडीवर बांधलेल्या एका भोंग्यातून, तोच आवाज आला. बेंजोचा. घोगरा, तापलेला, कडेने फुटलेला. नाचणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं, ते रुमाल दातांत धरून नागीण करत होते. निल्या मात्र रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्याला ऊन लागलं असं वाटून मी पाण्याची बाटली काढली.

वरात दारात पोचल्यावर तो धावत तुझ्याकडे आला. तू गळ्यातला बेंजो उतरवून बनियनने तोंड पुसत होतास.

"दादा, हा आवाज कसा काढता तुम्ही?"

"आवाज? भोंगा फाटला हाय. नवा घ्याचा हाय."

"घेऊ नका!" निल्या एवढ्या जोरात ओरडला की नवरीचे मामा बघायला आले.

त्या दिवशी आम्हाला कळलं की तू शाळेत शिक्षक आहेस. बार्शीटाकळीला तुझ्या बाबांची बेंजो पार्टी आहे, आणि लग्नसराईत सुट्टी असली की तू त्यांच्यासाठी वाजवायला येतोस. जयंतीच्या मिरवणुकीत तू लहानपणापासून बाबांच्या शेजारून चाललेला. पुढे आपला बँड जमला. निल्याची गिटार, फैजानचा बास, माझे ड्रम आणि मधोमध तुझा तो टाइपरायटरसारख्या बटणांचा बेंजो. 'चक्कर' हे नाव तूच ठेवलंस. बाबांनी ते ऐकून विचारलं होतं, "चक्कर? लोकं पडतीन ना बाप्पा!" त्यावर तू म्हणालास, "पडाले पाह्यजे." आपल्याकडच्या दुपारी डांबरी रस्ता जसा हलताना दिसतो, तसं गाणं ऐकताना वाटलं पाहिजे, असं तुझं म्हणणं होतं. जड, संथ, आणि डोळ्यांसमोर रंग फिरवणारं.

रंग फिरवायची जबाबदारी तर तू सरळ वहिनीवरच टाकलीस. शाळेच्या अडगळीतला जुना प्रोजेक्टर रीतसर विचारून आणलास, त्याच्यावर काचेची परात ठेवलीस, तिच्यात पाणी, गोडेतेल आणि रंगपंचमीचे उरलेले रंग. वहिनी परात हळूहळू हलवायची आणि आपल्या मागच्या पांढऱ्या पडद्यावर लाल-हिरवे डोंगर वितळायचे. नागपूरहून आलेल्या एका मुलाने तिला विचारलं, हे कुठे शिकलात? ती म्हणाली, "वरनाले फोडनी देत जा, आपोआप येते."

मग आला अल्बम, 'भर दुपार'. पुण्याला रेकॉर्डिंगला गेलो. तिथल्या ध्वनिमुद्रकाला आपली भाषा रागावल्यासारखी वाटायची. तू त्याला "काहून बे?" म्हटलंस की तो दचकायचा. बाकीची गाणी झाली, शेवटी 'वरात' राहिलं. ते सुरू झालं ते झकास. संपायची वेळ आली, मी शेवटचा ठोका मारला, निल्या थांबला, फैजान थांबला. आणि तू वाजवतोयस. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काचेपलीकडून तो बिचारा हात जोडून विचारत होता, "सर, एंडिंग कुठे आहे?" तू तितक्याच नम्रपणे म्हणालास, "ते मले कसं माहीत राहीन?"

शेवटी आम्ही कापलं. माझ्या ठोक्यावर, कात्रीने फीत कापावी तसं. घरी येताना तू ते गाडीत ऐकलंस. मग म्हणालास, "वकीलबाई, गानं पोचलंच नाई. मधातच उतरवलं तुमी नवरदेवाले."

तिथून आपलं जे सुरू झालं ते सुरूच. माझं म्हणणं साधं होतं, आणि आजही तेच आहे. गाण्याला शेवट हवा. ऐकणाऱ्याला घरी जायचं असतं. न्यायालयातही आम्ही कितीही बोललो तरी कुठेतरी 'एवढीच विनंती आहे' म्हणून खाली बसतो. तुझं म्हणणं त्याहून साधं होतं. "थांबवनारा मी कोन? मले कोनी थांबवलं तं थांबीन ना." मी म्हणायचे, मी थांबवते की, केवढ्याने झांज आपटते, ऐकू येत नाही का? तू म्हणायचास, "ते थांबवनं नोहे. ते आपटनं हाय." फैजान मध्ये पडून म्हणायचा, "तुम दोनो का फैसला होने तक मैं चाय पी के आता." आणि खरंच जायचा.

नव्या अल्बमचा दौरा अमरावतीपासून सुरू करायचा हे तूच ठरवलंस. आपल्याकडे असल्या गाण्यांना वेगळी जागा कुठे असते? मंगल कार्यालय मिळालं. भिंतीवर अजून आदल्या लग्नाची झिरमिळी होती, आणि 'शुभविवाह' या अक्षरांतला 'ह' तेवढा उरला होता. समोर कॉलेजची काळ्या टी-शर्टमधली पोरं, तुझ्या शाळेचा सगळा स्टाफ, आणि ऑर्केस्ट्रा समजून आलेल्या काही काकू. त्यातल्या एकीने पहिल्या गाण्यानंतरच फर्माईशीची चिठ्ठी पाठवली. तू ती माईकवर वाचून दाखवलीस आणि म्हणालास, "काकू, हे गानं आमाले येत नाई, पन आमचं गानं तुमाले येईन." टाळ्या झाल्या.

आणि खरंच आलं की त्यांना. कूलर घरघरत होते, खुर्च्या आधी पुढे सरकल्या, मग बाजूला गेल्या. पडद्यावर वहिनीचे रंग. निल्याची गिटार इतकी खोल उतरली होती, की माझ्या स्टुलात कंप जाणवत होता. तू नेहमीप्रमाणे एका जागी उभा राहात नव्हतास. वरातीतल्या माणसाला उभं राहून वाजवता येत नाही, पाय पुढे पडतातच. आधी रंगमंचाच्या कडेपर्यंत. मग 'वरात' लागलं आणि तू खालीच उतरलास. बेंजो गळ्यात, मागे लांबच लांब वायर, निल्या ती पायाने सोडत होता. लोक बाजूला होऊन तुला वाट देत होते. कॉलेजची पोरं मान हलवत होती, त्यांच्या शेजारी तुझे मुख्याध्यापक रुमाल दातांत धरून नाचत होते, आणि त्या काकू. तू हळूहळू चालत पार हॉलच्या दारापर्यंत गेलास. दारात उभा राहिलास आणि मागे वळून आमच्याकडे बघत वाजवत राहिलास.

मी शेवटचा ठोका मारला. तू थांबला नाहीस. आम्ही पुन्हा तुझ्याबरोबर उठलो, मी पुन्हा थांबवलं, तू पुन्हा सुरू. तुझ्या चेहऱ्यावर एक वाट पाहिल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं, टाळ्यांची वाट बघतोय. शेवटी कार्यालयाच्या माणसाने मेन स्विच खाली ओढला. अंधारात तुझ्या बेंजोच्या तारा भोंग्याशिवाय, बारीक आवाजात, थोडा वेळ वाजत होत्या.

सामान भरताना आपण भांडलो. जोरात भांडलो. भांडलो म्हणून मला वाईट वाटत नाही. आपण भांडलो नसतो तर तुलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं. पण एक सांगायचं राहिलं. दारात उभा राहून तू वाजवत होतास आणि मी तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तुझ्या मागे ड्रम उचलले, तेव्हा मी इतकी आनंदात होते की मला माझे हात दिसत नव्हते. आयुष्यात तसं वाजवलं नव्हतं. हे तेव्हाच सांगितलं असतं तर तू वाद जिंकलास असं झालं असतं, म्हणून म्हटलं, अकोल्याला सांगू. गाडीत बसताना तू म्हणालास, "अकोल्याले पाहू, वकीलबाई. तिथं माह्या घरचे लोक राहतीन." मी म्हटलं, बघूच.

त्यानंतर त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. सकाळी कूलरमध्ये पाणी भरता भरता तू अंगणातल्या पायरीवर टेकलास, ते उठलाच नाहीस. नळी चालूच होती, म्हणे. अंगणभर पाणी झालं तेव्हा वहिनी बाहेर आली.

तुझ्या जलदान विधीला आम्ही तिघंही बार्शीटाकळीला आलो होतो. भन्तेजी गाथा म्हणत होते आणि वहिनी आणि बाबा मिळून एका भांड्यातून वाटीत पाणी ओतत होते. वाटी भरली, काठावरून खालच्या ताटात उतरली, तरी ते ओतत राहिले. जेवणं झाल्यावर आम्ही त्यांच्याजवळ बसलो. मला जे येतं ते मी केलं, म्हणजे तुझी तक्रार केली.

"बाबा, दादा कधी थांबायचाच नाही हो. अमरावतीला तर वाजवत वाजवत पार हॉलच्या दारात जाऊन उभा राहिला. तरी चालूच."

बाबांना आता नीट ऐकू येत नाही. आयुष्यभर भोंग्याजवळ काढल्यावर दुसरं काय होणार. पण हे त्यांनी ऐकलं. "दारात उभा राह्यला?"

"हो."

"मंग पानी कोन आनलं?"

"कसलं पाणी, बाबा?" मी विचारलं.

बाबा सांगू लागले. "वरात दारावर पोचली का नवरीकडची बाई गडवाभर पानी घेऊन येते. पह्यले बेंजोवाल्याले देते. त्यानं पानी घेतलं का बेंजो बंद. आपल्या मनानं नाई थांबवाचं. आमच्या पार्टीची तशीच रीत हाय. लहान होता तवा यानं एकडाव मधातच बंद केला, हात दुखले म्हने. मी लय रागावलो. म्हनलं, पानी आल्याबिगर बोट उचलाचं नाई." मग ते माझ्याकडे बघून, अगदी तुझ्यासारखंच, म्हणाले, "तुमी पानीच नाई देल्लं, तं तो थांबीन काहून?"

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. मला मात्र तुझा असा राग आला! प्रत्येक कार्यक्रमाआधी तुझ्या शेजारी पाण्याची बाटली मीच ठेवायचे ना रे? तू तिच्याकडे बघून हसायचास आणि शेवटपर्यंत हात लावायचा नाहीस. एका वाक्यात सांगता आलं असतं. का नाही सांगितलंस? की तुलाही ते आठवत नव्हतं, फक्त बोटांना आठवत होतं? मी हे आता कुणाला विचारू?

अकोल्याचा कार्यक्रम रद्द करायचा असं आमचं ठरल्यात जमा होतं. निल्याला गिटार हातात धरवत नव्हती. वहिनीनेच ऐकलं नाही. "पोस्टरवर त्याचा फोटो हाय. मी तं जाईन अकोल्याले. तुमी नाई आले तं एकटी रंग हालवीन पडद्यावर." तिच्यापुढे कुणाचं काय चालणार? तुझं तरी कधी चाललं होतं?

जाताना गाडीत निल्याने विचारलं, "'वरात' कसं संपवायचं?"

"अल्बमसारखं. माझ्या ठोक्यावर."

"नक्की?"

"नक्की." मी काय दुसरं सांगणार होते? बेंजो थांबवायला पाणी लागतं, ड्रमला थोडंच लागतं. आणि कुणीतरी संपवायला तर हवंच होतं.

तुझा बेंजो आम्ही मधोमध एका खुर्चीवर ठेवला. भोंगा बाजूला. तुझी चाल निल्याने गिटारवर उचलली आणि ती भोंग्यातून सोडली, म्हणजे आवाज तरी तुझाच राहील. हॉल भरला होता. बार्शीटाकळीहून बाबांच्या पार्टीतली माणसं आली होती, पुढे बाबा. त्यांच्यामागे फैजानचे मोहल्ल्यातले मित्र, आणि मागे उभी राहिलेली कॉलेजची पोरं, त्यांना तू गेलास हे दारातच कळलं होतं. पहिली गाणी कशी वाजवली ते मला विचारू नकोस. बरी झाली असावीत, लोक रडले आणि नाचलेही.

मग 'वरात'. निल्या तुझ्याइतका वेडावाकडा जात नाही, पण त्या दिवशी गेला. फैजान डोळे मिटून एकाच सुरावर जड पाय टाकत होता. पोरं नाचायला लागली. पार्टीतली म्हातारी माणसं उठली, आणि तुला सांगते, त्या संथ, काळ्याकुट्ट तालावर ती वरातीत चालतात तशी चालू लागली. जागच्या जागी, अगदी बरोबर. तुझं म्हणणं मला तेव्हा पायांनी कळलं. गाणं चाललं होतं.

शेवटाची जागा आली. निल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, फैजानने बघितलं. माझे हात वर गेले. ठरलेलं होतं, मारायचं आणि थांबायचं. मी मारलं आणि पुढे गेले. दोघं दचकले, पण आले माझ्यामागे. पुन्हा ती जागा आली. पुन्हा माझ्याने होईना. मला संपवायचं नव्हतं, दादा. गाणं चालू आहे तोवर ती खुर्ची तुझी वाट बघत होती. ते संपलं की ती नुसती खुर्ची झाली असती. आयुष्यभर शेवट हवा, शेवट हवा म्हणून तुझ्याशी भांडलेली बाई मी. आता हात भरून आले होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मला थांबता येत नव्हतं. निल्या रडत होता. तोही थांबू शकत नव्हता. आम्ही तिघं तिथे सकाळपर्यंत वाजवत बसलो असतो.

पडद्यावरचे रंग हलायचे थांबले, तेव्हा मला कळलं की प्रोजेक्टरपाशी वहिनी नाही.

ती हॉलच्या दारातून आली. हातात स्टीलचा गडवा, त्यावर दुसरा हात, पाणी सांडू नये म्हणून. तू गेला होतास त्याच्या उलट, दारातून रंगमंचाकडे. लोक बाजूला झाले. ती पायऱ्या चढून वर आली आणि गडवा पुढे करून तुझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. पाणी द्यायला माणूस आला होता, दादा, आणि घ्यायला कुणी नव्हतं. ती तशीच उभी. गडवा दोन्ही हातांत पुढे. खाली बाबा उभे राहिले होते.

मी काड्या ठेवल्या आणि उठले. ड्रम थांबले तरी निल्या आणि फैजान एक सूर धरून होते. मी तुझ्या जागेवर येऊन उभी राहिले. वहिनीने माझ्याकडे बघितलं, आणि गडवा माझ्या हातात दिला. मी तो वर धरून प्यायले. गळ्यावरून, कपड्यांवरून सांडत प्यायले. भोंग्यातून तुझा सूर हळूहळू खाली आला आणि थांबला. कुणी आपटला नाही, कुणी कापला नाही.

पोचलं तुझं गाणं.

माझं म्हणणं अजून तेच आहे, गाण्याला शेवट हवा. तो आणून द्यावा लागतो, एवढं तुझं मान्य. बाकीचं भांडण राखून ठेवते.

पाणी कोमट होतं, दादा. अकोल्याचंच ते. पण मी सगळं प्यायले, थेंब ठेवला नाही.